हवा धरून बसलेली नळी

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. बहारीनमधल्या तुबली भागात एक रंगाचा कारखाना आहे. तिथे थिनरच्या पिंपांच्या शेडमध्ये, पत्र्याखाली मी आडवी टांगलेली आहे. मला पाहून सगळे म्हणतात, ही पाण्याची नळी. साफ चूक. माझ्या पोटात पाण्याचा थेंबही नाही. दाबून भरलेली हवा आहे, आणि ती धरून मी आठ वर्षं जागी आहे. तुम्ही एक मिनिट श्वास रोखून पाहा, म्हणजे माझा स्वभाव असा चिडका का झाला ते कळेल.

माझं काम सोपं आहे. माझ्या अंगावर थोड्या थोड्या अंतरावर काचेचे बोटाएवढे बल्ब बसवले आहेत. ते दिव्याचे नव्हेत, त्यांत रंगीत द्रव असतो. आग लागली की द्रव फुगतो, काच फुटते आणि माझी हवा सुटते. माझा दाब उतरला की कोपऱ्यातला पाण्याचा मोठा व्हॉल्व्ह उघडतो. मग शेजारच्या जाड पाइपांच्या सगळ्या तोंडांतून एकदम पाणी कोसळतं. म्हणजे मी आयुष्यभर ज्या एका उच्छ्वासाची वाट पाहते, तो कधी सोडायला लागू नये अशीच सगळ्यांची इच्छा असते.

मला कागदावर जन्म दिला तो आग विझवायच्या यंत्रणा आखणाऱ्या निवेदिता मॅडमनी. त्या मूळच्या पुण्याच्या, राहायला इथल्याच झिंज भागात. त्यांचे साहेब हाशिम म्हणत, थिनरच्या दोन्ही शेडमधून एकच लांब नळी फिरवा आणि नेहमीचे लाल बल्ब लावा. मॅडमना ते पटेना. लाल बल्ब अडुसष्ट अंशांना फुटतो, आणि ऑगस्टमध्ये इथला पत्रा त्याच्या फार मागे नसतो. म्हणून त्यांनी त्र्याण्णव अंशांचे हिरवे बल्ब निवडले. नळी लांब असली तर हवा बाहेर पडायला वेळ लागतो आणि तेवढ्यात थिनर भडकतो. म्हणून त्यांनी एकीच्या दोन नळ्या केल्या. माझी बहीण पलीकडच्या शेडमध्ये आहे. आमची भेट कधी झाली नाही, पण तीही माझ्यासारखीच वैतागलेली असणार.

मला प्रत्यक्षात जोडलं ते विठ्ठल फिटरने. तो चिपळूणकडचा, हात सोन्याचा आणि तोंडाने सतत पुटपुटणारा. मॅडमनी त्याला माझ्या हवेच्या दोन वाटा दाखवल्या होत्या. मोठी वाट फक्त मला पहिल्यांदा भरताना उघडायची. भरून झालं की ती बंद, आणि रोजची हवा यायची ती सुईएवढ्या भोकातून. भोक बारीक का, तर बल्ब फुटल्यावर जेवढी हवा जाईल तेवढी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने पुन्हा भरता कामा नये. विठ्ठलने मान हलवली होती. त्याला कळलंही होतं, हे मी शपथेवर सांगते.

पहिली दोन वर्षं माझं फार कौतुक झालं. पाहुणे आले की मला बोट दाखवत. नंतर सवय झाली. एसीवाल्यांनी माझ्यावरून केबल नेली आणि ती ओढून बांधली. माझा एक सांधा दुखावला आणि तिथून हवा झिरपू लागली. यंदाच्या उन्हाळ्यात दोनदा दाब उतरला आणि आग नसतानाच शेडभर पाणी कोसळलं. कारखान्याचे मॅनेजर झैद संतापले. विठ्ठलला बोलावणं आलं.

तो आला त्याच दिवशी संध्याकाळी मुहर्रकहून त्याचं विमान होतं. दोन महिन्यांची सुट्टी, घरी लेक अपेक्षा वाट पाहत असलेली. पत्र्याखाली उभं राहवत नव्हतं, गळका सांधा सापडत नव्हता आणि झैद डोक्यावर उभे होते.

"यल्ला, आज खलास करो. फिर पानी नहीं गिरना चाहिए," ते घाई करत म्हणाले.

विठ्ठलने घाम पुसला आणि मोठी वाट उघडून दिली. जेवढी हवा गळेल तेवढी कॉम्प्रेसर भरत राहील. निघताना वर्कशॉपमधल्या कोणाला तरी सांगू, असं तो पुटपुटला. मग बॅग भरायच्या घाईत ते राहून गेलं.

मित्रांनो, त्यानंतरचे अकरा दिवस मी विसरू शकत नाही. माझ्या दाबाची सुई अगदी स्थिर झाली. झैद रोज येऊन ती बघत आणि खूश होत. इतकी शहाणी मी कधीच नव्हते, असं सगळ्यांचं मत पडलं. आणि मी आतल्या आत तडफडत होते. आता माझे चार बल्ब फुटले असते तरी कॉम्प्रेसरने मला भरत ठेवलं असतं, आणि पाणी आलंच नसतं. माझ्याच खाली, दोन पिंपांच्या मधल्या सावलीत, खिजर नावाचा रंग कालवणारा रोज डबा उघडून बसे. तो निवांत जेवायचा आणि मी भीतीने त्याचे घास मोजायची.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी, कारखाना बंद असताना निवेदिता मॅडम धावत आत आल्या. त्यांनी फोन पिंपावर ठेवला. फोनमधून विठ्ठलचा आवाज येत होता.

"मॅडम, गावात पंक्चरवाल्याकडे उभा होतो. हवेचा पाइप लावलेला होता तोवर चाक टणक. काढल्याबरोबर बसलं. तेव्हा हवेची ती मोठी वाट आठवली. त्या वाटेच्या व्हॉल्व्हचं हँडल कसं आहे? नळीच्या रेषेत की आडवं?"

"रेषेत आहे, विठ्ठलभाऊ."

विठ्ठल म्हणाला, "म्हणजे उघडाच आहे. मीच उघडला. रिपोर्टात माझं नाव घाला."

मॅडमनी आधी पाण्याची मुख्य चावी बंद केली आणि मग माझ्या टोकाची तोटी उघडली. हवा जोरात सुटली, आणि सुई होती तिथेच राहिली. मॅडमनी तोटी बंद केली. मग त्यांनी हँडल आडवं केलं आणि पुन्हा तोटी उघडली. या वेळी त्या मोठ्याने सेकंदांचे आकडे म्हणत होत्या, आणि तिकडे चिपळूणकडे विठ्ठलही म्हणत होता. अठराला कोपऱ्यातला व्हॉल्व्ह धाडकन उघडला. फोनवर विठ्ठल रडत होता.

गळका सांधा त्याच दिवशी साबणाच्या फेसाने सापडला. रिपोर्टात विठ्ठलचं नाव गेलं. हाशिमसाहेबांनी त्याची नोकरी ठेवली, पण काम ठीक असल्याची सही एकट्याने करायचा हक्क वर्षभरासाठी काढून घेतला. सुट्टीवरून परतल्यावर तो पहिला माझ्याकडे आला. बंद हँडलला त्याने साखळी आणि कुलूप घातलं, किल्ली मॅडमना दिली आणि माझ्या अंगावर हात ठेवून हळूच म्हणाला, "तुझा गळाच दाबला होता मी, बाय." मला त्याचा राग धरता आला नाही. खिजरला यातलं काहीच ठाऊक नाही. तो आजही खाली बसून जेवतो आहे.

म्हणून मित्रांनो, एवढंच मागते. माझी सुई स्थिर दिसली की कौतुक करून निघून जाऊ नका. माझ्यावर केबल बांधू नका, माझ्या बल्बांना रंग फासू नका, आणि वर्षातून एकदा तरी येऊन मला त्रास द्या. तोटी उघडा, हवा सोडा, आकडे म्हणा. मी कुरकुरेन, तो माझा स्वभावच आहे. पण ज्या दिवशी तोटी उघडूनही मी अजिबात कुरकुरणार नाही, त्या दिवशी खिजरला आधी बाहेर बोलवा.