गावकीच्या कामात मी पडत नाही

पुंडलिकला पाया पडायची ही रीत कोणी शिकवली, ते धोंडुबाईला कळत नव्हतं. तिनं तर शिकवली नव्हती. पाया पडताना माणसानं पायांकडे बघावं. हा वाकायचा बहिणीच्या पायाशी आणि मान वळवायचा फोटोवाल्याकडे. फोटोवाला "जरा इकडं, साहेब" बोलला की ह्याची बोटं तिच्या पावलावर अधांतरी थांबायची. टेकायची म्हणून नाहीत. वर उठून रुमालाला हात पुसायचा. काय लागलेलं असायचं हाताला, देव जाणे.

परवाही तो असाच तिच्या गावी, तळखारला येऊन गेला. ओसरीवर बसला, चहा अर्धा टाकला, "आक्काच्या आशीर्वादानं" असं काहीबाही फोनपुढे बोलला आणि चार गाड्यांची धूळ उडवत पेणला निघून गेला. धोंडुबाईनं उरलेला चहा अंगणात भिरकावला.

"चहा टाकतो नि आशीर्वाद नेतो," ती कोणाला ऐकायला जाईल याची पर्वा न करता बोलली. "हात पुसायचा तर याच्या आदी तोंड पूस की मेल्या, खोटं बोलून बोलून बरबटलंय ते."

पुंडलिक तिचा धाकटा भाऊ. पेणच्या नगरपालिकेत आधी नगरसेवक, मग नगराध्यक्ष, मग आमदार. आमदार झाला तो झालाच. विरोधात उभे राहणारे म्हातारे झाले, काही वर गेले, हा मात्र खुर्चीत तसाच. लोक म्हणत, पुंडलिकशेठला पाडणारा अजून जन्मायचा आहे. ही त्याची करामत कशात होती, ते धरमतरच्या खाडीकाठच्या गावांना विचारावं. मतदान जवळ आलं की देवळात गावकी बसायची. पंच मांडी घालून बसायचे, पुढ्यात नारळ. "गाव एकगठ्ठा पुंडलिकशेठला" असा ठराव व्हायचा, नारळ फुटायचा, आणि मग कोणाच्या पोटात काय आहे ते पोटातच ठेवायचं. ठराव मोडणाऱ्याला गाव वाळीत टाकायचं. वाळीत म्हणजे त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचा विस्तव घ्यायचा नाही, त्याच्या लग्नाला जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. दुकानदारानं मीठ द्यायचं नाही. मिठागरांच्या मुलखात माणसाला मीठ मिळू द्यायचं नाही, एवढी अक्कल या लोकांकडे होती.

गेल्या निवडणुकीत तळखारच्या निलेशनं ठराव मोडला. त्याचं शेत बाहेरच्या बांधाला लागून. उधाणाच्या भरतीला बांध फुटला, खाडीचं खारं पाणी आत आलं आणि उभं भात करपलं. आमदार निधीतून बांधाची दुरुस्ती झाल्याचा बोर्ड तिथं उभा होता. बोर्ड भक्कम होता, एवढ्या उधाणात जागचा हलला नाही. बांध तेवढा वाहून गेला. निलेश तो बोर्ड बघत उभा राहिला, घरी आला आणि मतदानाच्या दिवशी सरळ विरोधी उमेदवाराच्या टेबलावर जाऊन बसला. संध्याकाळी गावकी बसली. तेव्हापासून ते घर गावात असून नसल्यासारखं.

पुंडलिक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी निलेशची बायको विमलबाई धोंडुबाईच्या मागच्या दारी आली. पुढच्या दारी यायची सोय नव्हती. परड्यातल्या केळींच्या आडोशाला ती अंग चोरून उभी राहिली.

"पुढून ये ना गो. चोर हायस काय?" धोंडुबाई बोलली.

"तुमाला दंड लावतील, मावशी."

"लावूदे. वसुलीला कोन येतो ते मी बघतेच. काय झालं? डोलं कशानं सुजलेत?"

विमलबाईच्या दिपिकाचं लग्न ठरलं होतं. निडीचा मुलगा, मिथुन, रोह्याला कंपनीत शिफ्टवर होता. पोरगा चांगला, पोरगी त्याच्या मनात भरलेली. पण परवाच त्याच्या आईनं निरोप धाडला होता. गाव ज्यांच्या मांडवात येत नाही, धवलारीण ज्यांच्या दारात उभी राहत नाही, त्यांची सून आणून आम्ही आमच्या गावाला काय तोंड दाखवू?

आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळद लावण्यापासून मुंडावळ्या बांधण्यापर्यंत एकेक विधी तिच्या धवळ्यांवर, म्हणजे लग्नगीतांवर चालतो. तळखारची धवलारीण धोंडुबाई. गावातल्या निम्म्या बायका तिच्या गळ्यावर नांदायला गेलेल्या आणि आलेल्या. अक्षर म्हणाल तर तिला सहीपुरतं येत होतं. धवळे मात्र अख्खे तोंडपाठ.

"धवलारीण मी हाय ना?" ती बोलली. "मग रडतेस कशाला? मी येनार."

"तुमी एकट्या येऊन काय होनार मावशी? एक मानूस मांडवात नसंल. पोरगी दोन दिस जेवली नाय. बोलते, माज्यामुलं तुमची अब्रू जाते, मोडून टाका."

 धोंडुबाई डोक्यावर पदर घेत बोलली, "मोडत नाय. उद्या मी रोह्याला जाते. पुंडलिकाचा सत्कार हाय तिथं. त्याच्या एका शब्दावर गावकी उठते नि बसते. तो एक शब्द मना पायजे."

रोह्याच्या हॉलमध्ये फुलांचा वास आणि वड्यांच्या तेलाचा वास एकमेकांत मिसळले होते. आमदाराची मोठी बहीण म्हणून धोंडुबाईला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. तिच्या शेजारी तळखारच्या गावकीचा मुख्य पंच, गोविंदा, कडक इस्त्रीत. समोर पुंडलिक माईकपुढे.

"सामाजिक बहिष्काराच्या विरोधातला कायदा विधानसभेत आला," तो छाती भरून सांगत होता, "तेव्हा पहिला हात कोणाचा वर होता? ह्या तुमच्या सेवकाचा. माणसानं माणसाला वाळीत टाकावं, ही आपल्या जिल्ह्याला लागलेली कीड आहे!"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या गोविंदा वाजवत होता. धोंडुबाईनं त्याच्याकडे मान वळवून बघितलं. तो हसला आणि आणखी जोरात वाजवायला लागला.  समोरच्या बशीतला वडा तिनं दूर सारला.

कार्यक्रम संपल्यावर तिनं भावाला स्टेजमागच्या खोलीत गाठलं. गळ्यातले हार उतरवत तो खुर्चीत पसरला होता.

"आक्का, कसं वाटलं भाषण?"

"बेस. आता ते तळखारला येऊन बोल. निलेशच्या पोरीचं लगीन हाय. गोविंदा भायेर उभा हाय, त्याला आत बोलव नि सांग, बहिष्कार उठव."

पुंडलिकनं दार बंद करून घेतलं. "आक्का, तुला राजकारण कळत नाही. गावकीच्या कामात मी पडत नाही."

"मग गावकी तुज्या कामात कशी पडते रे?"

तो हसला. मतदारांपुढे हसायचा तसंच. "हे बघ, नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आहे. आपल्या पोराला नगराध्यक्ष करायचंय. खाडीकाठची अर्धी माणसं आता पेणमध्ये राहायला आलीत, मतदार तिथलेच आहेत, पण ऐकतात गावकीचं. एका निलेशसाठी मी गोविंदाला दुखवू? तू असं कर. पोरीला माझ्या सामूहिक विवाहात बसव. भांडी, मणी-मंगळसूत्र, जेवण, सगळं माझ्याकडून. थाटात होईल."

"तुज्या फोटोखाली."

"फोटो तर असणारच ना."

"ज्या पोरीच्या घराला तुज्यामुलं गावानं तोंड फिरवलं, तिचं लगीन तुज्याच फोटोखाली लावायचं?" धोंडुबाईचा आवाज चढला. "शेन खानारा बी येवढ्या चवीनं खात नाय रे."

"आक्का, आवाज. बाहेर पत्रकार आहेत."

ती उठली. जाताना तिनं दार सताड उघडं टाकलं.

हळदीच्या दिवशी धोंडुबाई मागच्या वाटेनं गेली नाही. नऊवारी नेसली, कपाळाला नवरा गेल्यापासूनचा बुक्का लावला आणि भर दुपारी गावाच्या मधल्या आळीतून निघाली. देवळाच्या पारावर गोविंदा बसला होता.

"धोंडूआजी, तिकडं पाय नको टाकू. ठराव हाय."

"ठराव तुमचा. गला माजा."

"मग मागून बोलू नको, गाव वाईट हाय म्हनून."

"आत्ताच बोलते. वाईट हाय."

निलेशच्या दारात मांडव उभा होता, पण गावच्या पोरांनी घातलेला नव्हता. बांबू शेजारच्या मोहल्ल्यातल्या इद्रीसनं टेम्पोतून आणून दिलेले. त्याची बायको हलीमा जात्यावर हळद दळत बसली होती. "आमच्यावर तुमची गावकी चालत नाही," ती बोलली. "येऊन तर बघा म्हणावं कोणी." नातलगांच्या मोजक्या बायका कोपऱ्यात दबून बसलेल्या. समोरच्या घरांची दारं बंद. खिडक्यांमागे सावल्या मात्र होत्या.

धोंडुबाईनं दिपिकाला पाटावर बसवलं, धवलारणीला वैधव्य आड येत नाही, पहिली हळद तिनंच लावली आणि धवळा उचलला. धवळ्याची एक ओळ धवलारणीनं म्हणायची, ती बाकीच्या बायकांनी झेलायची. तिनं ओळ म्हटली. झेलायला कोणी नव्हतं. नातलगांच्या बायका परगावच्या, त्यांना इथला धवळा येत नव्हता. हलीमा नुसती ओठ हलवत राहिली. धोंडुबाईनं आपली ओळ आपणच झेलली. दुसरी म्हटली, तीही आपणच झेलली. म्हातारा गळा, दम लागायला लागला. तिसऱ्या ओळीला आवाज मधेच तुटला.

तेव्हा पाटावरून नवरीनंच ओळ उचलली. लहानपणापासून दर मांडवात ऐकलेली. नवरीनं स्वतःच्या लग्नात धवळा म्हणायचा नसतो, तिनं मान खाली घालून बसायचं असतं. दिपिका मान वर करून गात होती, हळदीवरून डोळ्यांतलं पाणी ओघळत होतं, आणि आवाज असा चढवलेला की बंद दारांच्या आत जावा. विमलबाई खांबाला धरून बसली. एकही दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिथुन आला. आईला कशीबशी राजी करून घेऊन आला, चार मित्र बरोबर. आईनं रिकाम्या मांडवाकडे बघून नाक मुरडलं. मग धवलारीण दारात दिसली, तशी ती निमूट आत आली. लग्न लागलं.

त्या संध्याकाळी गावकी बसली आणि धोंडुबाईला वाळीत टाकलं. सकाळी दूधवाला दारावरून सरळ पुढे गेला. दुकानदारानं तिला बघून शटर अर्धं ओढलं. जिची तिन्ही बाळंतपणं धोंडुबाईनं काढली होती ती शेजारीण केर अर्धा टाकून आत पळाली. धोंडुबाई वाघासारखी बाई, पण त्या अर्ध्या केराकडे बघताना तिला ओसरीवर बसावंच लागलं.

आठवडा गेला नाही तोच पेणच्या एका पेपरात मथळा आला: आमदाराच्या बहिणीलाच गावाचा बहिष्कार. त्याच दिवशी दुपारी पुंडलिक तळखारला हजर. बरोबर गोविंदा, हातात नारळ.

"आक्का, मिटवून टाकू," पुंडलिक ओसरीवर बसत बोलला. "गोविंदाशी बोललोय मी. तू फक्त देवळात हा नारळ ठेव आणि चुकले म्हण. लगेच उठवतायत."

"गावकीच्या कामात तू पडत नाय ना?"

"तुझ्यासाठी पडलो."

"माज्यासाठी नाय. पेपरासाठी. आनि निलेशचं काय?"

गोविंदा खाकरला. "त्याचं नंतर बघू. आदी तुमचं."

धोंडुबाई आत गेली. दोन तांबे पाणी घेऊन आली आणि दोघांच्या पुढ्यात ठेवले.

"प्या. मी कोनाला वालीत टाकत नाय. ती घान रीत तुमची. उन्हातून आलेल्याला ह्या दारात पानी मिलंल, तुमाला बी. पन नारल घेऊन जा. उद्या मी नि निलेश पेनला पोलीस ठान्यात जातो. कायदा हाय ना? पयलं नाव गोविंदाचं घालते. दुसरं तुजं, पुंडलिक."

"माझं?" तो ताडकन उठला. "मी काय केलं? अगं, इतकी वर्षं ह्या लोकांनी मला निवडून दिलंय!"

"कोनी दिला?" धोंडुबाई त्याच्यापुढे उभी राहिली. समोरच्या घराचं दार किलकिलं झालं होतं. तिनं आवाज खाली आणला नाही. "नाव सांग एक. निलेशला विचारलं? विमलला विचारलं? मी तुजी सख्खी बहीन, मना तरी विचारलं? विचारलं असतंस तर दिलं असतं रे मत, भाऊ म्हनून खुशीनं दिलं असतं. पन दर टायमाला हा गोविंदा माज्या दारात यायचा नि सांगून जायचा, आजी, अमकं बटन. मग ते मत माजं कसं? ते ह्या मानसांच्या भ्याचं मत, नि त्या भ्यावर तू इतकी वर्सं खुर्ची टाकून बसलास. ऐक, तुज्या तोंडावर सांगते. तुना कोनी कदी निवडून दिला नाय, पुंडलिक. सगल्या जन्मात तुना एक मत पडलं नाय. माजं बी नाय."