राहून गेलेला तुकडा

...पुन्हा पिवळा. समोरच्या यंत्राच्या डबीच्या कोपऱ्यातला तांदळाएवढा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि तिने पापणी मिटून उघडेपर्यंत पुन्हा हिरवा—जसं काही झालंच नाही. आधी तिला वाटलं, आपलेच डोळे फसवताहेत. सकाळपासून पत्र्याच्या खोलीत बसून एका दिव्याकडे टक लावून बघितलं की कुणालाही काहीबाही दिसायला लागेल. पण शेजारच्या पडद्यावरची वेगाची रेघही झपकन खाली बसली आणि तिची धास्ती वाढली. धास्ती परवापासून होतीच म्हणा. दिव्याचं फक्त निमित्त झालं.

खोली चारही बाजूंनी पत्र्याने मढवलेली, आतून काळ्या फोमचे सुळके. बाहेरची एकही लहर आत यायची नाही, आतली बाहेर जायची नाही. फोन इथे मुका व्हायचा. एरवी तिला त्याचा वैताग यायचा. आज मात्र ती आल्या आल्या इथे येऊन बसली होती आणि चहालाही उठली नव्हती. कामच तसं आहे, तिने स्वतःला बजावलं, डबी उद्या गिऱ्हाइकाकडे जायची आहे... काम तसं होतंच. पण बाहेर पाऊल टाकलं की फोन जिवंत होईल, हेही होतंच.

डबीचं काम सांगायला सोपं. माहितीचे तुकडे हवेतून पाठवायला तिला दोन वाटा दिलेल्या. एका वाटेवर तुकडा हरवला तर तो दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवायचा. जिथे एकदा हरवला त्याच वाटेवर त्याला परत कशाला ढकलायचं? ही कल्पना तिची होती. आणि तिला त्याहून मोठी ऐट होती ती या गोष्टीची, की तिच्या रचनेत एकही तुकडा दोनदा पोचत नसे. पहिल्या वाटेने तो दुसरीच्या हवाली केला की आपल्याजवळची प्रत पुसून मोकळं व्हायचं. दोनदा सांगणं तिला लहानपणापासूनच सोसत नाही. आई एक गोष्ट चारदा सांगायची—छत्री घे, छत्री घेतलीस का, अगं छत्री—आणि ही दातओठ खात ओरडायची, एकदा सांगितलंस ना! परवा दादाशी बोलतानासुद्धा...

नको. ते आत्ता नको.

पण ते आलंच. परवा दादाचा फोन आला तेव्हा ती जिन्यात उभी होती, आणि दादाचा आवाज इतका सपाट होता की बोलायच्या आधीच तिला कळलं. आईच्या मानेजवळच्या गाठीचा रिपोर्ट आला होता. गाठ साधी नव्हती. सोमवारी दाखल करा, ऑपरेशन लांबवू नका, आणि त्यांना घरच्यांपैकी कुणीतरी नीट समजावून सांगा, असं डॉक्टर म्हणाले होते. दादा म्हणाला, आई तुझं ऐकते. ती म्हणाली, बघते. मग म्हणाली, तू संध्याकाळी जातोयस ना तिच्याकडे? दादा म्हणाला, जातोय. आणि दोघांनी फोन ठेवला... किती हलकं वाटलं होतं तेव्हा! वाईट बातमी ऐकून हलकं वाटलेली मुलगी. दादा जातोय म्हणजे दादा सांगेल, असं तिनेच ठरवून टाकलं, आणि मग आईला फोन करायचा नाही हेही.

दार कुरकुरलं आणि शंकासूर आत आला. हे नाव त्याला सगळ्या मजल्याने दिलेलं. डब्या तपासणं हे त्याचं काम, आणि सूर्य उगवला असं कुणी म्हटलं तरी तो खिडकीतून वाकून खात्री करून घेणार. त्याने पडद्यावरच्या नोंदी वरखाली केल्या, नाक खाजवलं.

"सापडला तुमचा पिवळा," तो म्हणाला. "हा एक तुकडा बघा. पहिली वाट म्हणते, मी दुसरीला दिला. दुसरी म्हणते, मला वाटलं पहिलीचं अजून चाललंय. दोघी हात झटकून मोकळ्या! आणि तुकडा कुठेच नाही."

"पण घेणाऱ्याकडे पुढचे सगळे पोचलेत."

"पोचलेत हो. पण मधला एक नाही ना, म्हणून तो बिचारा पुढचे सगळे हातात धरून बसलाय. वाट बघतोय." त्याने खुर्ची ओढली. "मी म्हणतो, प्रत पुसता कशाला? घेणारा स्वतः 'मिळाला' म्हणेपर्यंत दोघींनी जवळ ठेवावी. गेला दोनदा तर गेला. जास्तीचा घेणारा टाकून देईल."

एरवी ती भांडली असती. दोनदा पाठवणं म्हणजे गबाळेपणा, हे तिचं लाडकं वाक्य होतं. पण आत्ता ती पडद्यावरच्या त्या दोन नोंदींकडे बघत राहिली. आयुष्याला आपल्या धंद्याच्या उपमा देत फिरणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी कंटाळा होता. आणि तरी ते समोर लख्ख उभं होतं—आईला सांगतो असं दादा कुठे म्हणाला? तो फक्त 'जातोय' म्हणाला. आणि मी? मी 'बघते' म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि शंकासूर चक्क दचकला. तिला असं पटकन कबूल होताना त्याने पाहिलं नसावं.

दाराबाहेर पाऊल टाकताच हातातला फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. सगळं आईचंच. रंगारी सोमवारी येतोय. स्वयंपाकघराला निळसर बरा की पांढरा? अगं, सोमवारी पक्का येतोय, सांग ना लवकर. फोन उचलत का नाहीस? जेवलीस का?

भिंतीला टेकून तिने दादाला फोन लावला.

"तू आईला सांगितलंस ना?"

दादा म्हणाला, "म्हणजे? तू सांगणार होतीस ना! बघते म्हणालीस. मी गेलो तर ती रंगाच्या पट्ट्या पसरून बसलेली... मला वाटलं, हिला कळलंय, आणि मुद्दाम दुसरं बोलतेय."

तिला त्याचा राग यायला हवा होता. पण गलबलून आलं. दादाही त्या पट्ट्यांकडे बघत, चहा पीत, हलका होऊन घरी गेला असणार.

"मी सांगतो आत्ता," तो म्हणाला.

"मी करते फोन."

"मग मी नको करू?"

इथेच—इथेच ते सांगणं पुन्हा दोघांच्या मध्ये सांडणार होतं. "नाही," ती घाईने म्हणाली, "तूही कर. मीही करते. दोघंही करू."

आईने पहिल्याच घंटेला फोन उचलला. "मेलीस की काय म्हटलं! हे बघ, निळसर जरा कोंदट वाटेल का गं—"

"आई, ऐक. रिपोर्ट आलाय. गाठ साधी नाहीये. सोमवारी तुला दाखल करायचंय, ऑपरेशन आहे."

एका दमात झालं. पलीकडे भांडं सरकवल्याचा आवाज आला.

"हं," आई म्हणाली. आणि थोडं थांबून, "मग रंगाऱ्याला मंगळवारी बोलावू का?"

सांगून झालं होतं. आता फोन ठेवता आला असता, सांगितलं मी असं दादाला म्हणता आलं असतं, आणि ते खरंही ठरलं असतं. तिचा अंगठा तिकडे वळलाही... आणि तेव्हा तिला कळलं की परवापासून ती टाळत होती तो हा पुढचा क्षण. आईला कळल्याचं आपल्याला ऐकू येईल, याची तिला भीती वाटत होती. 'हं' म्हणून आईने तिला त्यातून सुटायची वाट करून दिली होती. आई नेहमीच देत आली.

"आई," ती म्हणाली, "परत सांगते."

आणि ती परत सांगू लागली, सावकाश, प्रत्येक शब्दापाशी थांबत. अर्ध्यात आई म्हणाली, "थांब, दादाचा फोन येतोय मध्येच."

"येऊ दे. तोही हेच सांगणार आहे."

आईचा श्वास एकदा अडकला, मग ओला होऊन सुटला; इकडे तिने फोन कानाशी अधिक घट्ट धरला, आणि ऐकत राहिली.