पुनवेचं उधाण

रिसॉर्टमध्ये जुबैदाला सगळ्यात जड गेलं ते तिथलं घड्याळ. अख्खा मालदीव राजधानी मालेच्या वेळेनं चालतो आणि हे एकच बेट तासभर पुढे. पाहुण्यांना संध्याकाळचं ऊन जास्त मिळावं म्हणून मालकांनीच काटा पुढे ढकललेला. तिचा मुलगा शिफाझ तिथे भटारखान्यात होता. मोसम सरला की कामगारांना घरच्या माणसांना चार दिवस आणता येतं, म्हणून त्यानं हौसेनं आईला आणि मावशीला उत्तरेकडच्या त्यांच्या बेटावरून बोलावून घेतलं होतं. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "आई, इथे कुणाशीही बोलताना इथलीच वेळ बोलायची. नाहीतर घोळ होतो."

जुबैदानं ते मनावर घेतलं. मनगटावरचं घड्याळ मात्र तिनं मालेच्याच वेळेवर ठेवलं. नमाजाची वेळ काही मालकांच्या मर्जीनं पुढे सरकत नाही.

"पैसे असले की सूर्यालासुद्धा थांबवून धरतात बघ, दात्ता," नजमा म्हणाली होती. नजमा तिची धाकटी बहीण. वयानं बारा वर्षांनी लहान, जिभेनं मात्र थोरली. थोरलीला सगळ्याच म्हणतात तसं तीही जुबैदाला दात्ता म्हणे.

पाण्यावर बांधलेल्या त्या खोलीत जुबैदाला झोप लागत नव्हती. पायाखालच्या काचेतून मासे दिसत. नजमा त्यांना नावं ठेवत बसे आणि जुबैदा तिथे ओढणी अंथरून काच झाकून टाकी. तिला पोहता येत नव्हतं. बेटावर जन्मलेली बाई, पण पाण्यात गुडघ्यापलीकडे कधी गेली नाही. आई म्हणायची, ही हाडांतच भीती घेऊन आली आहे.

त्या दिवशी समुद्रातल्या वाळूच्या दांड्यावर जायचं ठरलं ते नजमाच्या हट्टापायी. लांब, रिसॉर्टच्या वळणापलीकडे, चहूकडे पाणी आणि मध्ये पांढऱ्या वाळूची एक पाठ. पाहुण्यांना तिथे सकाळी नेऊन सोडतात आणि दुपारच्या आत परत आणतात.

होडीवाला अदील दक्षिणेकडचा, या कामावर येऊन महिनाच झालेला. बोलायला गोड पोरगा. जुबैदाला हात देऊन होडीत बसवताना म्हणाला, "दात्ता, तुमचा रोजा आहे म्हणे. शिफाझबेबे सांगत होता, थोरला भाऊच तो माझा इथे."

"पुनवेच्या दिवसांतले तीन रोजे धरते मी. दर महिन्याला."

"वा. माझी आजी धरायची. आणि ह्या?"

"माझं पोट रोजे धरत नाही," नजमा म्हणाली. "ते माझ्याशी भांडतं. ही बघ, रोशीच्या पोळ्या आणि खोबऱ्यातल्या माशाची मासहुनी बांधून घेतली आहे. तुमच्या टोपलीतलं ते फिरंगी चीज तुम्हीच खा."

दांड्यावर उतरवून अदीलनं वाळूत मोठी छत्री रोवली. बर्फाची पेटी खाली ठेवली. म्हणाला, "इथे मोबाइलला रेंज नाही. पाहुण्यांना आम्ही वायरलेस देतो. ठेवू का?"

"आम्हाला?" नजमा हसली. "आम्ही काय जर्मनीहून आलोय? समुद्राचं मीठ चाटूनच मोठ्या झालो रे बाबा."

जुबैदाला वाटलं, ठेवून घ्यावा. पण ते यंत्र कसं धरायचं तेही माहीत नव्हतं, उगाच मोडलं तर शिफाझच्या नावावर जायचं.

"मग न्यायला कधी येऊ?"

तिनं मनात हिशेब केला. आज पुनव, पाणी चढणार. आपल्या घड्याळात अकराला निघालेलं बरं. इथल्या भाषेत बारा. "बाराला ये," ती म्हणाली. मुलानं सांगितलेलं लक्षात ठेवून तिथलीच वेळ बोललो, याचं तिला बरं वाटलं.

अदीलची नजर तिच्या मनगटावरच्या घड्याळावर गेली. तो अदबीनं हसला. "बाराला. बरं दात्ता."

सकाळ छान गेली. नजमा पाण्यात डुंबली, खाल्लं, छत्रीखाली आडवी होऊन घोरली. जुबैदा तसबीहचे मणी ओढत बसली. वारा पश्चिमेचा होता, ओला आणि एकसारखा. दांडा सकाळी चांगला लांबरुंद होता. मग तो अरुंद झाला, आणि तसबीहवरून तिनं मान वर केली तेव्हा एक टोक दिसेनासं झालं होतं.

घड्याळात अकरा वाजून गेले. होडी आली नाही.

"येईल गं," नजमा डोळे न उघडता म्हणाली. "पोरगा कुठेतरी चहा पीत असेल."

जुबैदा उठली. पाण्याच्या कडेला तिनं चप्पल ठेवली होती, ती तिथे नव्हती. थोड्या अंतरावर पाण्यात एक चप्पल तरंगत, डुलत चालली होती.

"नजमा, ऊठ. ऊठ आधी."

त्या आवाजानं नजमा ताडकन उठली. दोघींनी सामान छत्रीपाशी ओढलं. सगळ्यात उंच जागा तीच. पाणी दोन्ही बाजूंनी येत होतं, आवाज न करता, दुधाला साय यावी तसं. लाटा नव्हत्याच. लाटा असत्या तर निदान काही येतंय असं वाटलं असतं.

"तू नक्की किती वाजता सांगितलंस त्याला?"

"बारा. म्हणजे आपले अकरा. शिफाझनं सांगितलं होतं ना, इथलीच वेळ..." जुबैदानं मनगटाकडे पाहिलं. अदीलची नजर तिला आठवली. गावाकडची बाई, रोजा धरणारी, नमाजाला मालेचं घड्याळ बांधणारी. ही बारा म्हणते म्हणजे मालेचेच बारा, असं त्या अदबशीर पोरानं धरलं असणार. ती त्याच्या वेळेत बोलली, आणि त्यानं ते तिच्या वेळेत ऐकलं.

"नजमा, तो बाराला येणार आहे. आपल्या बाराला."

नजमानं एकवार पाण्याकडे पाहिलं. "तोवर इथे काय उरणार आहे?"

मग ती उगाच हसली. "चल, बरं झालं. तुला पोहायला शिकवायचं राहिलंच होतं."

जुबैदाला हसू आलं नाही. पाणी पायांना लागलं, घोट्यावर आलं. ते कोमट होतं, आणि त्या कोमटपणाचीच तिला किळस आली. रोशीचं फडकं तरंगत गेलं. बर्फाची पेटी हलली तशी नजमानं तिचा पट्टा हाताला गुंडाळला.

पाणी गुडघ्यापलीकडे गेलं तेव्हा जुबैदानं छत्रीचा खांब दोन्ही हातांनी धरला. आजवर ती याच्या पुढे गेली नव्हती. पायांखालची वाळू धार लागल्यासारखी सुटत होती. उभ्या जागी ती बोट-बोट खाली जात होती. तिनं कलमा पुटपुटायला सुरुवात केली आणि दातांवर दात आपटून शब्द तुटायला लागले.

"दात्ता, इकडे बघ. माझ्याकडे." नजमानं तिचे खांदे धरले. "तो तिकडे खांब दिसतो ना, खडकावर होड्यांसाठी रोवलेला? पेटी रिकामी आहे, तरंगते. तू पेटीला धर, मी ढकलत नेते."

जुबैदानं पाहिलं. काळा खांब, लांब. मधलं पाणी निळं होतं. तिथे तळ नव्हता.

"ओढ बाहेरच्या बाजूला आहे. वाटेत सुटलो तर?"

"मग इथे उभं राहून काय करायचं? बुडायचं?"

"तू जा. तुला येतं पोहायला. तू त्या खांबाला धरून राहा."

"वेड लागलंय का तुला?" नजमा ओरडली. "शिफाझला काय सांगू? आई तुझी छत्रीखाली ठेवून आले?"

पाणी कमरेला आलं. घरी विहिरीच्या हौदात एवढं पाणी असतं, मुलं त्यात खेळतात. इथे ते ओढत होतं. एकसारखं, चिवट, कुणी पदराला धरून बोलवावं तसं.

जुबैदानं डोळे मिटले. आपल्या बेटावरचा किनारा तिनं आठवला. पुनवेच्या रोज्यांत जोहरच्या, दुपारच्या नमाजाला निघताना पाणी मशिदीच्या पायऱ्यांशी टेकलेलं असतं. वर्षानुवर्षं पाहिलेलं. बांग झाली की ते तिथेच थांबतं, आणि नमाज आटोपून बाहेर यावं तो पहिली पायरी ओली उघडी पडलेली.

"नजमा, ऐक," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "पुनवेचं उधाण जोहरला थांबतं. जोहरच्या पुढे ते चढत नाही. आता फार वेळ नाही. आपण इथेच धरून राहायचं. तो आला की इथेच शोधेल."

"नक्की?"

नजमानं तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं तिनं लहानपणीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. टोमणा नाही, हसू नाही. नुसता प्रश्न. जुबैदाला वाटलं, आता ही माझ्या एका शब्दावर उभी आहे.

"नक्की," ती म्हणाली.

नजमानं पेटी दोघींच्या मध्ये घेतली, एका हातानं खांब धरला आणि दुसरा जुबैदाच्या कमरेभोवती घातला. पाणी छातीशी आलं. जुबैदा ठेंगणी, तिच्या छातीशी म्हणजे नजमाच्या बरगड्यांशी. लांबच्या कुठल्या मोठ्या बोटीची लाट आली आणि पाणी जुबैदाच्या तोंडावर चढून गेलं. तिला ठसका लागला. नजमानं तिला उचलून धरलं. छत्री कलंडत होती. खांब वाळूत हलायला लागला होता, पडायला आलेल्या दातासारखा.

मनगट वर करून तिनं घड्याळ पाहिलं. बारा वाजून गेले होते. मग जोहरची वेळही झाली. इथे बांग ऐकू येणार नव्हती. ती मनातल्या मनात म्हणाली, या अल्ला, आता थांबव. माझ्यासाठी नको. मी हिला शब्द दिला आहे.

इंजिनाचा आवाज आधी नजमाला आला. ती किंचाळली, हात हलवले, आणि खांब सोडल्याबरोबर दोघी कलंडल्या. जुबैदा पाण्याखाली गेली. हिरवं, गडद, कानांत घुमणारं. केसांना हिसडा बसला, आणि ती वर आली. नजमानं तिचे केस धरले होते.

अदील होडीतून उडी मारूनच आला. दोघींना कसं वर ओढलं ते जुबैदाला नीट कळलं नाही. ती होडीच्या फळ्यांवर पालथी पडून खोकत होती आणि अदील रडत होता.

"मला वाटलं मालेचे बारा. आणि म्हटलं दात्ताचा नमाज शांतपणे होऊ दे, म्हणून मुद्दाम जरा सावकाश... सकाळी एवढी वाळू होती इथे. दात्ता, मी काय केलं हे!"

"आता रडून होडी चालणार आहे का?" नजमा म्हणाली. तिचे ओठ निळे पडले होते. "इंजिन सुरू कर मेल्या. ही गार पडली आहे."

ती मागे जाऊन फळीवर मटकन बसली, आणि गुडघ्यांत तोंड घालून अंगातली थरथर थांबवायला लागली.

जुबैदा सावकाश उठून बसली. छत्री आडवी होऊन वाहत निघाली होती. दोघी उभ्या होत्या ती जागा कुठली, तेही आता सांगता आलं नसतं. सगळीकडे सारखंच पाणी, उन्हात चमकणारं. तिनं घड्याळ पाहिलं. जोहर होऊन बराच वेळ झाला होता. तिनं अदीलला जवळ बोलावलं.

"थांबलं ना रे पाणी?" तिनं हळू विचारलं.

अदीलनं डोळे पुसले. होडीच्या कडेवरून वाकून त्यानं पाण्याखालून वाहणारी वाळू पाहिली, वाऱ्याकडे तोंड केलं, पुन्हा खाली पाहिलं.

"नाही दात्ता. अजून चढतंय. वारा मागून ढकलतोय ना. अजून बराच वेळ चढेल."

त्यानं जाऊन इंजिन सुरू केलं. होडी थरथरली.

नजमानं गुडघ्यांतून मान वर केली. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नव्हतं. "काय म्हणाला गं तो?"

जुबैदानं तिच्याकडे पाहिलं. खोटं तिच्या तोंडातून निघत नव्हतं, आणि खरं काढायची छाती नव्हती. ती फळीवरून सरकत सरकत तिच्याजवळ गेली, तिचं मनगट धरलं, आणि धक्क्याला लागेपर्यंत ते सोडलं नाही.