एकसारख्या सत्तेचाळीस फायली

सुगंधावहिनींचं पत्र मला गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी आलं आणि चौदा महिने मी त्याला उत्तर दिलं नाही.

तसा मी उत्तर न देणारा माणूस नव्हे. शाळेच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं काढली. प्रकाशकांच्या छापील जाहिरातपत्रांनासुद्धा मी पोच देत असे. पण हे पत्र वेगळं होतं.

वहिनी म्हणजे माझा बालमित्र काकासाहेब याची पत्नी. काकासाहेब आमच्या केदारखेड्याचाच. पाटबंधारे खात्यात नोकरी लागली तसा घनसावंगीकडे गेला, तिथंच घर बांधलं आणि तिथंच तीन वर्षांपूर्वी वारला. वहिनी शाळेत कधी गेल्या नव्हत्या. साठी उलटल्यावर नातीनं, शीतलनं, त्यांना अक्षरं शिकवली. पत्र त्यांच्या स्वतःच्या हातचं होतं. एका ओळीत चार शब्द मावतील एवढी मोठी अक्षरं.

‘रामप्रसाद भाऊजी, नमस्कार. हे चार माणसात नेहमी म्हणायचे, मी हिला न बघताच हो म्हणलो. सगळे हसायचे. मी पण हसायची. पण मनाला लागायचं. माणूस गाय घेतो तरी दात बघून घेतो. मला तेवढं पण बघितलं न्हाई का. तुम्ही त्यांचे जोडीदार. खरं काय ते तुम्हाला माहीत असल. मोठ्या छापील अक्षरात लिहा, हाताचं अक्षर मला लागत न्हाई. डाक्टर म्हणले काचबिंदू हाये, दीड-दोन वर्ष दिसंल. हे मला दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं न्हाई. फोनवर पण नको. जल्दी लिहा.’

खरं काय ते मला माहीत होतं. जिवंत माणसांत आता फक्त मलाच. वहिनींना ते वाचून बरंही वाटलं असतं. पण काकासाहेबानं राजूरच्या गणपतीच्या देवळाकडे तोंड करून मला शपथ घातली होती, की हे कुणाला सांगायचं नाही, होणाऱ्या बायकोलाही नाही. पन्नास वर्षं मी ती पाळली. आता तो नाही म्हणून मोडावी का, हे मला ठरवता येईना. आणि जे ठरवता येत नाही ते मी लिहून बघतो, ही माझी जुनी खोड.

छापील अक्षरं पाहिजेत म्हणून मुलाचा जुना संगणक मागून घेतला. मराठी टंकलेखन शिकलो. पहिले सहा महिने तो बरा चालला. मग एके दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात लाल पाटी आली: तुमच्या संगणकात ८१२ दोष सापडले आहेत. मला कुणी दोष दाखवला, की तो असणारच असं मी धरून चालतो. आठशे बारा हा आकडा मला फार मोठाही वाटला नाही. खालचं हिरवं बटण दाबलं. संगणक साफ करणारा एक प्रोग्राम आत येऊन बसला, आणि त्यानं साफसफाई केल्यावर दोष अकराशे झाले. मग दुसरा घेतला. दुसऱ्यानं सांगितलं, पहिला धोकादायक आहे. तिसरा घेतला तो या दोघांचं मिटावं म्हणून.

शिवाय जे संकेतस्थळ उघडावं ते दारातच विचारायचं, सूचना पाठवू का? तुम्ही कुठे आहात ते बघू का? तोंडावर नाही म्हणणं मला जमत नाही. मी सगळ्यांना हो म्हटलं. शेवटी तो संगणक सुरू व्हायला वीस मिनिटं घेऊ लागला आणि सुरू झाल्यावर कोपऱ्यातून पाट्यांवर पाट्या येत राहायच्या.

“तुमचं डबडं उठस्तोवर मह्या भाकरी होतेत,” पुष्पा म्हणायची. पुष्पा म्हणजे माझी बायको. “दुरुस्तीला कामून न्हेत न्हाई?”

न्यायची लाज वाटत होती. आत काय आहे ते दुसऱ्याला दिसलं असतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ती फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “शीतलचा फोन आल्ता. वहिनीचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर काही सांगत न्हाई म्हणे.” मग म्हणाली, “अहो, वर्ष झालं. तुम्ही पत्र लिहून राह्यले का पोथी?”

तिनं आपलं एक जुनं लुगडं काढलं, संगणकाचा डबा त्यात बांधला आणि गाठोडं माझ्या हातात दिलं. “राजूरला तृप्तीकडं न्या. आजच.”

जीपमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसलो. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायचो. पुंजाराम जीप चालवतो, तो आरशातून बघत होता.

“सर, लेकरू हाये का काय गाठोड्यात? लई जपून राह्यले.”

“संगणक आहे. फार हळू चालतो.”

“मंग आधी गणपतीच्या पाया पाडा त्याला, आन मंग दवाखान्यात न्या.”

सगळी जीप हसली. माझ्या शेजारच्या बाईनं मात्र सरकून गाठोड्याला जागा करून दिली.

तृप्ती राजूरच्या बस स्टँडजवळ कम्प्युटर क्लास चालवते. ती आमच्या शाळेची. ग्रंथालयातून नेलेलं एकही पुस्तक तिनं कधी वेळेवर परत केलं नाही. दुपारपर्यंत तिच्याकडे मुलं नसतात. तिनं लुगडं सोडलं, घडी करून बाजूला ठेवलं, तारा जोडल्या आणि पडदा उजळायची वाट बघत बसली. बराच वेळ बसली.

“सर, मशीन म्हातारं झालं न्हाई. वझं जास्त झालं.”

मग पाट्या यायला लागल्या. तिनं एक यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. “अवो सर, त्रेचाळीस साइटी! तुम्ही तर सगळ्यायलाच हो म्हणून बसले.”

“ते विचारत होते.”

“विचारले म्हणून काय झालं? वाटंवरच्या माणसाला घराची चावी देता का?”

ती एकदम साफसफाईला लागली नाही. आधी एक पेन ड्राइव्ह लावून माझ्या सगळ्या फायली त्यात उतरवल्या. “घर झाडायच्या आधी डाग-दागिना बाजूला काढावा.” मग संगणकात आजच्या तारखेची एक खूण करून ठेवली. पुढं काही बिघडलं, तर ते मशीन पुन्हा या खुणेवर आणता येतं म्हणाली. ही सोय मला फार आवडली.

मग माझे तिन्ही साफ करणारे प्रोग्राम तिनं काढून टाकले. त्यातला एक जाता जाता तीन वेळा विचारत होता, खरंच काढायचं का? ती प्रत्येक वेळी हो म्हणाली. विचारसुद्धा न करता. त्यांच्या जागी एकच घेतला, तोही ज्यांनी बनवला त्यांच्याच संकेतस्थळावरून. “ह्याच्यातबी एक बटण हाये, रजिस्ट्री, म्हंजे मशीनची खातेवही, साफ करायचं. त्याला हात लावायचा न्हाई. फायदा चिमूटभर, नुकसान पोतंभर.” संगणक उठतो तेव्हा त्याच्याबरोबर एकोणीस प्रोग्राम उठत होते. तिनं चारच ठेवले. त्रेचाळीस संकेतस्थळांच्या परवानग्या काढल्या. “हे निस्तं कॅलेंडर हाये सर, ह्याला तुमचा माईक कशाला पाहिजे?” साचलेला कचरा पुसण्याआधी साठवलेल्या पासवर्डपुढची खूण आठवणीनं काढली, नाहीतर तेही पुसले गेले असते. तिचं काम मी बघत राहिलो. पुस्तक हळुवार हाताळणारी माणसं मी बघितली आहेत, तशी ती होती. शाळेत असताना नव्हती.

संगणक बंद करून पुन्हा लावला. दीड मिनिटात उठला. मला वाटलं, झालं.

“एक राह्यलं,” ती म्हणाली. “सारख्या फायली. एकच फाइल थोड्या फरकानं दहादा पडलेली राहती कधीकधी. नावावरून हुडकतं हे.”

पडद्यावर यादी उतरायला लागली. वहिनी पत्र. वहिनी पत्र नवीन. वहिनी पत्र नवीन दुरुस्त. वहिनी पत्र शेवटचं. वहिनी पत्र शेवटचं २. वहिनी पत्र हेच पाठवणे. वहिनी पत्र हेच पाठवणे नको. यादी संपेना. खाली आकडा होता: सत्तेचाळीस.

तृप्तीनं माउसवरचा हात काढला. खुर्ची थोडी वळवून घेतली. “मी आतलं वाचत न्हाई सर. पण नावं तं दिसतेतच.”

माझे कान तापले होते.

“हे आपोआप सगळ्यात नवी ठेवतं आन बाकीच्या उडवतं. नवीच बराबर, असं धरून चालतं ते. बघा, शेहेचाळीसवर खुणा करून बसलं. उडवू?”

सगळ्यात नवीत काय होतं ते मला माहीत होतं. ‘पत्र मिळालं. प्रकृतीची काळजी घ्यावी.’ एवढंच.

“थांब!” मी म्हणालो. आवाज मोठा निघाला.

तिनं सगळ्या खुणा काढल्या. “पत्र गेलं का पण?”

“नाही.”

“सत्तेचाळीस लिहिले आन एकबी गेलं न्हाई?”

“नाही.”

ती हसू दाबत होती, मग दाबलं नाही. “मला पुस्तक द्यायला उशीर झाला, तं तुम्ही कधी एका शब्दानं बोलले न्हाईत. आता कळलं कामून.”

मीही हसलो. हसल्यामुळे असेल, मी तिला विचारलं, “तृप्ती, एखाद्यानं आपल्याला शपथ घातली, ही गोष्ट कुणाला सांगू नको म्हणून. तो वारला. आणि गोष्ट जिच्याबद्दल आहे, तीच आता विचारते आहे. तर काय करावं?”

“सांगून कुणाचं वाईट होतं का?”

“त्याची जरा फजिती होते.”

“गेलेल्या माणसाची?”

“हो.”

“आन तिचं?”

“तिला बरं वाटेल. बहुतेक. मला नक्की सांगता येत नाही.”

तिनं जरा विचार केला. “लोक मह्याकडं वारलेल्या माणसाचे फोन घेऊन येतेत सर. आतले फोटो काढून द्या म्हणतेत. परक्याला मी बिलकुल देत न्हाई, भांडून जातेत. पण बायको आली, आन फोटो दोघायचा असला, तं तिला कोणत्या तोंडानं न्हाई म्हणू? तिचाबी चेहरा हाये त्यात.”

एवढं बोलून ती उठली. “मी चहा सांगून येते. वेळ लागंल.” आणि दार ओढून घेऊन गेली.

मी सगळ्यात जुनी फाइल उघडली. टंकलेखन शिकलो त्याच आठवड्यात लिहिलेली. वर्षभरात तिच्याकडे बघितलं नव्हतं.

‘वहिनी, काकासाहेबानं तुम्हाला बघितलं होतं. सुपारी फुटायच्या आठ दिवस आधी, अंगारकीला, राजूरच्या देवळापाशी. आम्ही दोघं एका सायकलवर गेलो होतो. त्यानं माझा टेरिलीनचा शर्ट घातला होता, तो काखेत उसवला. तुम्ही तुमच्या आईबरोबर होता आणि नारळवाल्याशी भांडत होता, कारण नारळ हलवला तर वाजत नव्हता. तो परत करून तुम्ही दुसरा घेतला. भर सभेत पाटलाला उलट बोलणारा काकासाहेब रसवंतीच्या आडोशाला जाऊन बसला. मला म्हणाला, रामप्या, मह्या पायातलं बळ गेलं. तुम्ही देवळात गेल्यावर त्यानं जाऊन तोच नारळ विकत घेतला. नारळवाला म्हणाला, हा नासका आहे. हा म्हणाला, असू दे. परत येताना सायकल मी चालवली, कारण त्यानं नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरला होता. लोक हसतील म्हणून त्यानं मला शपथ घातली, आपण बघायला गेलोच नव्हतो असं सांगायचं. तेच तो जन्मभर सांगत राहिला.’

यात मला काय खटकलं होतं ते आठवत गेलं. दुसऱ्या खर्ड्यात शर्ट काढला, कारण त्यात मी मिरवतो आहे असं वाटलं. पुढं एकदा नारळ काढला. मग अंगारकी होती की साधी चतुर्थी, यात दोन महिने गेले. मग शपथेबद्दल पानभर लिहिलं आणि ते सगळंच काढलं. आता वाचताना फक्त दोन शब्द चुकलेले सापडले. ते नीट केले. खाली लिहिलं: ‘मी शपथ मोडली आहे. त्याच्या वतीनं तुम्ही मला माफ करावं. उशिराबद्दलही. रामप्रसाद.’

तृप्ती चहा घेऊन आली.

“हे छापायचं आहे,” मी म्हणालो. “मोठ्या अक्षरांत.”

“किती मोठ्या?”

“एकाच डोळ्यानं वाचायचं आहे.”

तिनं पत्राकडे न बघता नुसता अक्षरांचा आकडा वाढवला. चार कागद निघाले. एकेक निघेल तसा ती पालथा ठेवत गेली.

“बाकीच्या शेहेचाळीस?”

“काढ.”

“कचरापेटीतूनबी?”

“तिथं आजच्या दिवस राहू दे,” मी म्हणालो. तिनं तारा काढल्या आणि संगणक पुन्हा लुगड्यात बांधला.

गाठोडं तिच्याकडेच ठेवून मी टपाल कचेरीत गेलो. लिफाफा घेतला. वहिनींचा पत्ता मला पाठ होता, तरी दोनदा ताडून बघितला. खिडकीपलीकडच्या माणसानं लिफाफा वजनकाट्यावर ठेवला.

“लवकर जाईल असं पाठवा,” मी म्हणालो.

“आत काय हाये?”

“पत्र आहे.”

त्यानं शिक्का मारला आणि लिफाफा मागच्या पोत्यात टाकला.