दोन वाट्या पेज

ओमचं लग्न झालं ते २०२४ साल. श्रीरामपूरच्या मांडवात जेवताना नवरदेवाच्या बापाने, म्हणजे मोनिकाच्या मामाने, भाचीला सगळ्यांदेखत गाठलं.

"मोने, पुण्यात त्या क्वांटम काँप्युटरात बघती तरी काय गं दिवसभर?"

"बघायचंच नसतं, मामा. आत डोकावलं की आतलं मोडतं."

"मंग बिघडलंय ते कळतं कसं?"

मोनिकाने ताटातले दोन लाडू शेजारी ठेवले. "एकेकाला इचारायचं न्हाई, तू कसा हाय म्हणून. दोघांना मिळून इचारायचं, तुमी सारखे हाय का? न्हाई म्हणले, तर एक बिघडला."

"आन् दोघं संगंच बिघडले तर?"

"तिथंच आमच्या गणिताचं घोडं अडलंय," ती हसली.

तिचे वडील मच्छिंद्र लेकीकडे बघत राहिले. लाडू त्यांनी ताटातच ठेवला. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे एकट्या त्यांच्या बायकोला, छबूबाईला ठाऊक होतं.

मिरजगावला परतल्यावर घशात गाठ निघाली. मच्छिंद्रांनी बायकोला शपथ घातली, "पोरीची तोंडी परीक्षा हुईस्तवर तिला कळता कामा न्हाई. सगळं सोडून पळत यील."

मोनिका रोज सांजेला फोन करी. आप्पा कसे, असं विचारलं की आई "बरं हाय" म्हणणार, हे तिला पाठ होतं. म्हणून तिने मांडवातला प्रश्न घरी लावला.

"आई, दोघं सारखंच जेवलात का?"

"व्हय. सारखंच."

मोनिका निर्धास्त होई. आणि ते खरंच होतं. नवऱ्याला पेज तेवढी उतरे. त्यांच्यापुढे भाकरी मोडणं छबूबाईच्या जिवावर येई. तीही पेजच पिऊ लागली.

परीक्षा झाली. मोनिका पेढे घेऊन उतरली, तेव्हा अंगणात माणसं बसली होती.

सगळे गेल्यावर ती चुलीपाशी आली. तवा गंजला होता.

"म्या खोटं न्हाई बोलले, मोने."

"न्हाई गं आई." तिने तव्यावरून बोट फिरवलं. "तू बी आप्पांसंगं बदललीस. मी इचारलं, तवा दोघं सारखीच हुता."

अजून सांजेला फोन येतो. मोनिका जेवणाचं विचारत नाही. छबूबाई दोन वाट्या भरून बसलेली असते. फोन ठेवता ठेवता, कुणी न विचारता, ती म्हणते, "सारखंच." समोरच्या वाटीत पेजेवर साय धरलेली असते.

मच्छिंद्र ओमच्या लग्नाच्याच साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी गेले.