संमतीची ओळ

सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर एकदा वीज गेली की ती कधी येईल हे कुणी सांगू शकत नाही. वारा मात्र तिथे बारा महिने असतो. त्यामुळे मोखाड्याच्या बाजारात घरगुती पवनचक्क्या विकणारा माणूस आला, तेव्हा पाड्यावरच्या तिघाचौघांनी चौकशी केली. हेमंत त्यांत सगळ्यांत पुढे होता. तो मोखाड्याच्या शाळेत शिक्षक. मुलगी निशा आता दहावीला जाणार होती, आणि पावसाळ्यात तिचा अभ्यास कंदिलावर चाललेला त्याला बघवत नव्हता.

ग्रामसेविका प्रतिभा मॅडमना वेगळीच काळजी. कुणीही कुठेही खांब उभा करील आणि भांडणं ग्रामपंचायतीत येतील. त्या हेमंतला म्हणाल्या, "सर, गावापुरता नियम करून टाकू. मसुदा तुम्हीच लिहा."

हेमंतने तो मन लावून लिहिला. खांब जितका उंच, त्याच्या दीडपट अंतर शेजाऱ्याच्या घरापासून सुटलं पाहिजे. म्हणजे खांब कोसळला तरी कुणाच्या छपरावर येणार नाही, आवाजाचाही त्रास होणार नाही. लिहून झाल्यावर तो आपल्या अंगणात जाऊन उभा राहिला. एका बाजूला मोठं आंब्याचं झाड, दुसरीकडे खडक. वारा मोकळा मिळत होता तो फक्त उताराकडच्या कोपऱ्यात, आणि तिथून शेजारच्या कोंडीकाकीची भिंत हाकेच्या अंतराच्याही अलीकडे होती. आपल्याच नियमाने आपलीच चक्की बसणार नव्हती.

मग आत येऊन त्याने खाली आणखी एक ओळ लिहिली. शेजाऱ्याची संमती असल्यास अंतराची अट राहणार नाही.

"ही ओळ कशाला?" प्रतिभा मॅडमनी विचारलं.

"दोघांना पटत असेल तर आपण का अडवायचं?" हेमंत म्हणाला. बोलताना तो मॅडमकडे बघत नव्हता.

कोंडीकाकी म्हणजे त्याच्या चुलत्याची बायको. चुलता वारला, मुलगी काशी साखरशेतला दिली, आणि काकी एकटीच चार कोंबड्या आणि नाचणीच्या तुकड्यावर राहत होती. ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी हेमंत तिच्याकडे गेला.

"काकी, उद्या मॅडम विचारतील तेव्हा हात वर कर."

"कशाला रे?"

"माझी चक्की बसायची आहे. तुझ्याकडे पण एक वायर ओढतो. घरात बल्ब लागेल."

"मग करते की," काकी हसून म्हणाली. "तू काय वाईट सांगशील मला?"

हा नियम तिच्यासारख्यांसाठीच आहे, तिला नाही म्हणता येतं, हे त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ती हो म्हणाली असती, अशी त्याने परतताना स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सभेत नियम मंजूर झाला, शेजारी म्हणून काकीने हात वर केला, आणि पंधरवड्यात खांब उभा राहिला.

चक्की चांगली चालली. निशाच्या टेबलावर दिवा लागला, मग टीव्ही लागला, मग छोटा फ्रीज आला. बॅटरी तेवढ्यातच संपायची. काकीची वायर पुढच्या महिन्यावर, मग त्याच्या पुढच्या महिन्यावर गेली. काकीने एकदाच विचारलं, तेही हेमंतच्या बायकोला, जयश्रीला, पाणी भरताना.

वारा वाढला की खांब घुमायचा. हेमंतच्या घराला पक्क्या भिंती आणि काचेच्या खिडक्या होत्या. काकीच्या कुडाच्या भिंतीतून तो घुमारा सरळ आत जायचा. आणि ऊन कललं की पात्यांची सावली तिच्या अंगणात गरागरा फिरायची. कोंबड्यांना वाटायचं घारच आली. त्या ओरडत घरात पळायच्या, दाणे टाकले तरी बाहेर यायच्या नाहीत. शेवटी काकीने कोंबड्या साखरशेतला काशीकडे नेऊन दिल्या. स्वतःही ती मागच्या दारी, सांडपाण्याच्या बाजूला बसू लागली. पुढे पुढे तीही चार दिवस इथे तर आठ दिवस लेकीकडे राहू लागली.

"काकीला आवाज सोसत नाही बहुतेक," जयश्री म्हणाली.

"म्हणाली का ती तसं?"

"म्हणाली नाही."

"मग?" असं म्हणून हेमंतने विषय संपवला. पण अंगणात काकी दिसली की तो मोबाइल काढून बघायला लागे.

पुढच्या ग्रामसभेत रघ्याचा अर्ज आला. रघ्या भिवंडीच्या गोदामात काम करून पाड्यावर परतलेला तरुण. त्यालाही चक्की लावायची होती, आणि त्याची जागा हेमंतच्या घराच्या अगदी वरच्या अंगाला होती. प्रतिभा मॅडमनी शेजारी म्हणून हेमंतला विचारलं.

हेमंत उभा राहिला. "माझी संमती नाही. अंतर नियमात बसत नाही. मुलीचं दहावीचं वर्ष आहे, आणि त्या घुमण्याने माणसाचं डोकं उठतं."

शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून गेलं आणि लोकांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

रघ्या म्हणाला, "सर, रूल आहे तर रूल आहे. मी नाय लावणार. पण मग काकीचं डोकं नाय उठत?"

काकी त्या दिवशी पाड्यावर होती, बायकांमध्ये मागे बसली होती. प्रतिभा मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. "कोंडीबाई, संमती तुम्ही समजून दिली होती ना? अंतराचा नियम सरांनी सांगितला होता?"

आता ती खरं सांगेल, असं हेमंतला वाटलं. यातून सुटका होईल अशी थोडी आशाही वाटली.

काकी उठली, पदर सावरला. "सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं त्यानं. मीच हो बोलले. त्याला काय बोलू नका."

आणि ती खाली बसली. रघ्याचा अर्ज नामंजूर झाला. सभा पाण्याच्या टँकरकडे वळली. चहा आला तेव्हा पहिला कप नेहमीसारखा हेमंतच्याच हातात दिला गेला. त्याला तो पिववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी साखरशेतला निघून गेली. हेमंतला शाळेत फळ्यासमोर उभं राहिलं की तिचे ते शब्द ऐकू येत. आपण काय केलं ते त्याने जयश्रीला सांगितलं. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार?"

पुढच्या सभेत त्याने हात वर केला आणि उभं राहून सगळं सांगितलं. ती ओळ मी माझ्यासाठी घातली. काकीला मी काहीच समजावलं नव्हतं. ती माझी लाज राखायला तसं बोलली. ती ओळ काढून टाका, माझा खांब नियमात बसत नाही, तो मी उतरवतो. कुणी रागावलं नाही. प्रतिभा मॅडमनी ओळ खोडली. बुधा नावाचे म्हातारे सदस्य म्हणाले, "बरं केलंस, मास्तर." रघ्याच्या चक्कीला घरांपासून लांब, वरच्या मोकळ्या माळावर जागा मिळाली, आणि हेमंतचीही तिथेच नेऊन बसवायचं ठरलं. खांब उतरवताना रघ्याने दोर धरला. दोघे कामापुरतंच बोलले. घरी येताना हेमंतला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं.

नाचणी कापायला काकी परत आली. तो लगेच तिच्याकडे गेला. ती कणसं खुडत होती.

"काकी, खांब काढला. सभेत मी सगळं खरं सांगितलं."

"कळलं मला." तिने मान वर केली नाही. "पाड्यावरच्या हिराबाईनं साखरशेतला येऊन सांगितलं. बोलली, कोंडे, तू तर सभेत उभी राहून खोटं बोललीस म्हणे."

तिने खुडलेलं कणीस पाटीत टाकलं.

"मी जन्मात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं," काकी म्हणाली. "एकदाच उघडलं, ते तुझ्यासाठी. ते पण खोटं होतं म्हणून तू चारचौघांत सांगून टाकलंस. पाणवठ्यावर बाया हसतात माझ्याकडं बघून."

"मला वाटलं, खरं बोललं तर…"

"खरं बोलायचं होतं तर बोलायचं. पण आधी येऊन मला विचारलं असतंस. तेव्हा पण नाय विचारलंस, आता पण नाय."

सभेत तसं उभं राहिल्याचा त्याला मनातून थोडा अभिमान वाटत होता. तो आता कुठे लपवावा ते कळेना. माफी मागावी तर तीही तिच्यावरच ओझं टाकल्यासारखं होईल, असं वाटलं.

काकीने शेजारचं पोतं थोडं बाजूला सरकवलं. "आलास तर बस. उभा नको राहू."

तो बसला. तिने कणसांची पाटी दोघांच्या मध्ये ओढली, आणि तो खाली मान घालून खुडू लागला.