एका शब्दाची किती भांडी

बोहारणीने माझा 'रन' हा शब्द दोन्ही हातांनी ताणून बघितला आणि दारातल्या पायरीवर पसरला. इंग्रजी शब्द, घडीत असताना हातरुमालाएवढा दिसायचा. पण उलगडत गेला तसा जिन्याच्या वळणापर्यंत पोचला. पाचवीत मी तो फक्त पळण्यापुरता घेतला होता. पुढे वापरता वापरता कशाकशाला पुरला, माझं मलाच कळलं नाही.

"मोठा हाय," बोहारीण म्हणाली. "पर अख्खा न्हाई घेता यायचा, ताई. स्पॅनिशमधी एवढ्या पन्ह्याचा शब्दच न्हाई. तुकडं करावं लागतील. तुकड्याला येक भांडं."

तिच्या पाटीत स्पॅनिश शब्द डब्या-वाट्यांतून भरलेले होते. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलनीत ती अधूनमधून येते. मी तिला कधी रिकाम्या हाताने पाठवत नाही आणि घासाघीस केल्याशिवायही पाठवत नाही. आज मात्र मला गरज होती, आणि गरजवंताला अक्कल नसते.

माझा मुलगा मकरंद स्पेनमध्ये, वालेन्सियाला असतो. त्याची मुलगी नोआ चार वर्षांची. तिला फक्त स्पॅनिश येतं. मकरंदचं मराठी तिच्या आईपुढे टिकलं नाही. दर रविवारी फोनवर ती अंगणभर पळते, पळता पळता मला काहीतरी सांगते आणि मी नुसती हसते. मागच्या रविवारी तिने बापाला काहीतरी विचारलं. मकरंद सांगेना. खोदून खोदून विचारल्यावर म्हणाला, "ती विचारतेय, ही आजी बोलते का नुसती चित्रातली आहे?" मला ते फार लागलं. आज चहाच्या वेळेला तिचा फोन यायचा होता.

बोहारणीने कात्री काढली आणि यंत्रं चालण्याचा तुकडा आधी कापला. "ह्याच्यात 'फुन्सिओनार' येतो."

"यात आमचा फोन धरायचा नाही," मी म्हणाले.

"फोन ठिवून घेतला तर डबा न्हाई. वाटी."

वाटी तर वाटी. मी शब्द तोंडात टाकला. जरा खारट होता. घरातला पंखा थांबला आणि फ्रीजची घरघर बंद झाली. आतल्या खोलीत हे, म्हणजे माझे यजमान, पेपर वाचत पडले होते.

"पंखा बंद पडला का गं?" ह्यांनी विचारलं.

"नाही. दिला."

"बरं," हे म्हणाले, आणि पेपरने वारा घेऊ लागले.

पुढचा तुकडा कपड्याचा रंग जाण्याचा. त्याला 'देस्तेन्यीर' आला, झाकणासकट. दोरीवर माझी लाल साडी ठिबकत होती. तिचा एक थेंब सुटला आणि हवेतच राहिला. मग कारभार चालवण्याचा तुकडा. हे आमच्या सोसायटीचे चेअरमन आहेत. 'दिरिहीर' हातात पडला तशी समोरच्या बिल्डिंगमधली माणसं आपापल्या गॅलरीत येऊन उभी राहिली. आता काय करायचं ते कुणीतरी सांगेल म्हणून ती आमच्या दाराकडे बघत होती. मी त्यांच्याकडे पाठ केली. रस्ता जाण्याच्या तुकड्यावर 'पासार' मिळाला, आणि रस्ता फाटकापाशी संपला. पलीकडे काय होतं ते मी बघितलं नाही.

"पळ काढण्याचा पण हाय," ती म्हणाली. "त्याला 'उईर'. येवढासा हाय, पर पोलादी."

मी तोही घेतला. घेतल्यावर कळलं की उंबऱ्यावरून माझे पाय हलत नाहीत.

मग मी मनाशी वाक्यं जुळवून बघितली. यंत्र चालतं, रंग जातो, कारभार चालवतात, रस्ता जातो, पळ काढतात. चार वर्षांच्या पोरीला यातलं काय सांगणार, कपाळ? ती नुसती पळते. तेवढंच नेमकं राहिलं होतं.

"नुसतं पळणं आहे का?"

"हाय की. 'कोरेर'." तिने पाटीच्या तळातून सगळ्यात मोठा डबा काढून दाखवला, आणि माझ्या शब्दाचा उरलेला तुकडा उचलला. "पर ह्यो तुकडा पार गेलाय, ताई. गुडघ्यावर बघा, नुसती जाळी झालीय. ह्याच्यावर डबा न्हाई यायचा. वर कायतरी टाका. सायबांचं बघा की."

या बायका शेवटी साहेबांच्या पँटवर येतातच.

"साहेबांचं काही उरलेलं नाही."

"रगत चालतंय की अजून. ते पण इंग्रजीत ह्याच शब्दावर हाय."

मी नाही म्हणाले. अगदी स्पष्ट म्हणाले. आत जाऊन ह्यांच्या खोलीला कडी घालावी असं वाटलं, पण पाय उंबऱ्यात घट्ट होते. बोहारणीने डबा पाटीत ठेवला, पाटी डोक्यावर घेतली आणि हळूहळू दोन पायऱ्या उतरली. हाक मारली तर त्या परत येतात, हे सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत असतं.

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. नोआ पडद्यावर पळत आली, काहीतरी म्हणाली आणि थांबून वाट बघू लागली.

"फुन्सिओनार," मी म्हणाले.

ती बघत राहिली.

"देस्तेन्यीर," मी म्हणाले. माझा आवाज रडवेला झाला होता. तिने मागे वळून बापाला हाक मारली, आणि मला वाटलं, आता ही पुन्हा कधी माझ्याकडे वळायची नाही.

आतून चपलांचा आवाज आला. हे बाहेर आले, पेपरची घडी काखेत.

"दारात काय घासाघीस लावली आहेस मघापासून? काय मागतेय ती?"

"तुमचं."

"मग दे की. पोरगी ताटकळलीय तिकडे."

"अहो, तुम्हाला कळत नाही. आत जा."

"तू प्रत्येक वेळी असंच करतेस," हे म्हणाले, आणि शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली.

बोहारीण दोन पायऱ्या वर चढून आली. तिने ह्यांचं मनगट धरलं, जुनं धोतर बघतात तसं जिन्याच्या खिडकीच्या उजेडाकडे केलं आणि अंगठ्याने चोळून बघितलं. फोनमध्ये नोआ पुन्हा पळायला लागली होती.

"जरा विरलंय," बोहारीण म्हणाली.

"कुठे विरलंय?" मी म्हणाले. "नीट बघ. अजून कितीतरी वर्षं चालेल."